सुजाता, काजलला मी सांगितलं

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी जेवले, सुजाता. व्यवस्थित जेवले. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. वाढणारा पुढं येऊन "मॅडम, भाजी?" म्हणाला तर मी "घाला थोडी" म्हणाले. शेजारी झरीहून आलेली तुझी मोठी बहीण बसली होती, तिनं पत्रावळीला हातही लावला नाही. त्याआधी भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, मंडपातले सगळे मागून म्हणाले, मीही म्हणाले. तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावायला रांग होती. माझी पाळी आली तशी लावली आणि मागच्या बाईला जागा करून दिली. फोटो निळ्या साडीतला आहे, स्नेहसंमेलनातला, मीच काढलेला. तो बघून काहीतरी व्हायला पाहिजे होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की फ्रेम जरा डावीकडं कललीय.

मग भाषणं झाली. उपक्रमशील शिक्षिका, तंत्रस्नेही शिक्षिका. तंत्रस्नेही हा शब्द जो येईल तो म्हणत होता. तुला तो शब्द ऐकला की हसू यायचं. "मी काय मशीनची मैत्रीण हाय का, वंदे?" असं तू मला स्कुटीवर विचारलं होतंस. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठून उभी राहिले, "त्या माझ्या सहकारी होत्या" म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. तसं काही नव्हतं. पुढचं वाक्यच सापडलं नाही.

रविवारी सकाळी कपडे वाळत घालता घालता तू डोकं दुखतंय म्हणालीस, तुझ्या मिस्टरांनी, मिलिंदभाऊंनी चहा ठेवला, तू पलंगावर टेकलीस. चहा घेऊन ते आले तेव्हा तू उत्तर देत नव्हतीस. परभणीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. मला फोन आला तेव्हा मी तूर निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली तूर निवडली. ताट भरून झाल्यावर उठले. ह्याचं कारण मला अजून सांगता येत नाही.

शाळा मात्र उघडावी लागली. दोन शिक्षकी शाळा, तू नाहीस म्हणजे मीच. पहिली-दुसरी तुझी आणि तिसरी-चौथी माझी, आता चारी वर्ग माझ्याच खोलीत घेऊन बसते. जिंतूरहून देवगाव फाट्याकडं जाणाऱ्या एसटीत बसते, आपल्या वळणावर उतरते आणि तिथून पायी जाते. स्कुटी तुझी होती, मी कायम मागं बसणारी. चालताना मला पहिल्यांदा कळलं की त्या रस्त्याला चढ आहे.

पोरं पहिल्या दिवशी गप्प होती. दुसऱ्या दिवशी भांडली. तिसऱ्या दिवशी एकानं तुझ्या वर्गाकडं बोट करून विचारलं, "मॅडम, आज टीव्ही लावायचा न्हाई का?" मी "नाही" म्हणाले. त्यानं का म्हणून विचारलं नाही, ह्याचं बरं वाटलं.

तो टीव्ही गावानं शाळेला दिला तो दिवस आठवतो का तुला? नारळ फोडला, हार घातला, आपल्याला वाटलं आता शाळा बदलणार. त्यात तयार धडे होते. रंगीत वाघ, बोलणारा ढग, गाणाऱ्या संख्या. पोरं तोंड उघडं टाकून बघायची. वर्गात चिडीचूप. मला ती शांतता आवडली होती, मी तुला तसं म्हणालेही. तू दाराच्या चौकटीला टेकून पोरांच्या तोंडाकडं बघत होतीस, टीव्हीकडं नाही. "वंदे, ही पोरं बघायल्यात," तू म्हणालीस. "शिकायली न्हाईत."

"मग काय बंद करायचा?"

"बंद कशाला? ह्यांनाच घालू की त्याच्यात."

मला काही समजलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तू पोरांना सांगितलंस, घरी आई-बापाकडं फोन असेल तर घरातल्या एका वस्तूचा फोटो काढा, तिला घरी काय म्हणता ते बोलून भरा आणि मला पाठवा. आपल्या शाळेत निम्मी पोरं गावातली, निम्मी बंजारा तांड्यावरची. तांड्यावरच्या पोरांची घरची बोली वेगळी. ती वर्गात मागं बसायची आणि विचारलं की खाली बघायची. त्यांना येत नाही, असं आपल्या आधीच्यांनी लिहून ठेवलं होतं. आपणही थोडे दिवस तेच धरून चाललो.

तू फोनला वायर जोडलीस आणि टीव्हीवर चूल दिसली. तव्यावर भाकर. पाठीमागून एका पोराचा आवाज, "बाटी." तू तिथंच थांबवलंस आणि गावातल्या पोरांना विचारलंस, "काय म्हणाला तो?" ती एकमेकांकडं बघायला लागली. मग कुणीतरी ओरडलं, "भाकर!" तर मागच्या रांगेतला तांड्यावरचा पोरगा स्वतःहून उभा राहिला आणि मास्तरासारखा म्हणाला, "बराबर." मग एका बाईचा फोटो आला, दारात बसलेली, डोक्यावरून पदर. आवाज आला, "याडी." ह्या वेळी सगळा वर्ग एकदम म्हणाला, "आई!"

भिंतीच्या पलीकडं माझी तिसरी-चौथी होती. मी भागाकार शिकवत होते. पोरांचे कान तुझ्याकडं लागलेले. शेवटी मी खडू ठेवला आणि सगळ्यांना घेऊन तुझ्या वर्गात आले. तू हसलीस. "ये, बस," म्हणालीस, जसं काही तुझ्या घरीच आले होते.

खरं तर ह्याची सुरुवात त्याच्याही आधीची. कोरोनात शाळा बंद होती तेव्हा तू स्कुटीच्या हँडलला स्पीकर बांधून माझ्या दारात उभी राहिलीस. मी म्हणाले, मी येणार नाही, माझ्या घरी सासू आहे, मला भीती वाटते. तू म्हणालीस, "घाबर की. भीत भीत चल." तांड्यावरच्या लिंबाला तू स्पीकर टांगलास, पोरं आपापल्या ओट्यावर बसली आणि तू लांबून शिकवलंस. मी तोंडावर ओढणी बांधून लिंबाखाली उभी होते. त्या वर्षी माझ्या घरात फार वाईट चाललं होतं, तुला माहीत होतं, तू एकदाही विचारलं नाहीस. फक्त रोज दारात येऊन हॉर्न वाजवलास. त्याबद्दल तुला कधी काही म्हणाले नाही. आता म्हणते.

तांड्यावरची काजल तुझ्याकडून तिसरीत माझ्याकडं आली ती तशीच, मुकी. मुकी म्हणजे ऐकू यायचं, लिहायची सुंदर, अक्षर तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं. पण शाळेच्या आवारात पाऊल टाकलं की तोंड बंद. हजेरीला हात वर करायची. लघवीला जायचं असलं तरी दारात येऊन उभी राहायची. मी गोड बोलले, रागावले, तिच्या मैत्रिणीला तिच्या शेजारी बसवलं. काही नाही.

तू एका दुपारी तिला फोन दिलास आणि सामानाच्या खोलीत बसवलंस. "हितं कुणी न्हाई. मी बी न्हाई. ह्याला सांग," म्हणालीस आणि दार लोटून बाहेर आलीस. आपण दोघी व्हरांड्यात उभ्या. तू बोट ओठावर ठेवलं होतंस. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, फोन तुझ्या हातात दिला आणि पळाली. तू तो कानाला लावलास, मग माझ्या कानाला. आधी नुसता श्वास. मग कुजबुज, इतकी हळू की मला आवाज पूर्ण वाढवावा लागला. "माझं नाव काजल. आमच्याकडं शेळी हाय. तिला दोन पिल्लं हायत." तुझे डोळे भरून आले. मी म्हणाले, चांगलंय, आता हेच वर्गात बोलली पाहिजे. तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मी काहीतरी सांडलंय.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलं नाही.

तिचा बाप वसंतही आला होता भांडायला. आठवतं ना? पोरांच्या बोलीचं प्रकरण त्याच्या कानावर गेलं होतं. खुर्ची दिली तरी बसला नाही. "मॅडम, आमची बोली आमाला येती," म्हणाला. "ती शिकायला पोरगी शाळंत कशाला पाठवू? तिला मराठी येऊ द्या. इंग्रजी येऊ द्या. मी ऊस तोडला, तिनं तोडू नये."

तू म्हणालीस, "दादा, तिला मराठी येतं. लिहिती की. पण शाळंत तोंडातून शब्द काढत न्हाई. आधी तिची बोली निघू द्या, तिच्या मागं मराठी निघंल."

"आन न्हाई निघालं तर?"

"तर मॅडम चुकली म्हणा. चौकात म्हणा."

मग त्यानं त्याच्या फोनवर तुझा नंबर घेतला. "फोटू ह्याच्यावरच पाठवायचे ना?" एवढंच विचारून गेला. तो गेल्यावर मी म्हणाले, तो बरोबर बोलत होता. तू म्हणालीस, "बरोबर बोलला म्हणून तर नंबर दिला."

दिवाळी झाली आणि ऊसतोडीसाठी तांडा रिकामा व्हायला लागला. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं होती त्यांची पोरं मागं राहिली. काजलची आजी गेल्या वर्षीच वारली, तिला ठेवायला कुणी नव्हतं. ट्रकमध्ये भांडी, पेंढी, शेळी आणि त्यावर काजल. तू तिला सांगितलंस, बापाच्या फोनवरून रोज पाठव. धडा वाच, पाढा म्हण, काय बघितलं ते सांग. बोलीत सांग, मग मराठीत सांग. मी ऐकून लगेच उत्तर देईन.

आणि ती पाठवायची! तू भाकरी थापताना ऐकायचीस, पिठाचा हात पुसून उत्तर द्यायचीस. मिलिंदभाऊ म्हणायचे, घरात तिसरं माणूस राहायला आलंय. सकाळी तू तिचं बोलणं टीव्हीवर लावायचीस आणि पोरांना तिला प्रश्न विचारायला लावायचीस. "काजल, तिथं शाळा हाय का?" "काजल, शेळीला पिल्लं झाली का?" पोरं तावातावानं विचारायची. वर्ग खडबडून जागा झालेला असायचा, हे मी नाकारत नाही. पण ती माझ्या वर्गातली होती, सुजाता. तिची चौथी माझ्याकडं होती. ती तुझ्या फोनशी बोलायची आणि माझ्याशी, समोरासमोर, एक शब्द नाही.

त्या शेवटच्या शनिवारी मी स्कुटीवर मागून तेच म्हणाले. "तू तिला लपायला जागा करून दिलीस. पुढं मोठ्या शाळेत जाईल, तिथं कोण तिला फोन घेऊन खोलीत बसवणार? माणसासमोर बोलायचं ती शिकणारच नाही."

तू स्कुटी बाजूला घेतलीस. कपाशीच्या शेताकडेला. हेल्मेट काढलंस. "वंदे, तुला पोरगी बोलायला पाहिजे का तुझ्यासमोर बोलायला पाहिजे?"

"माझ्यासमोर बोलायला पाहिजे. मी तिची शिक्षिका हाय."

तुला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तू हेल्मेट हातात फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "ह्याच्यावर सोमवारी बोलू. आज डोकं लय दुखायलंय." शनिवारी तुझं डोकं दुखायचंच, आठवड्याची शेवटची खिचडी आणि माझी कटकट, असं तूच म्हणायचीस. घरी सोडताना तू रोजच्यासारखा हॉर्न वाजवलास. मी मागं वळून हात केला.

सोमवारी तू काय बोलणार होतीस, ह्याचा विचार मी करून बघितला. तुझी बाजू मीच मांडून बघितली, भाकरी करताना, एसटीत. दर वेळी तुझं वाक्य माझ्यासारखंच व्हायला लागतं, मग सोडून देते. आणि माझं म्हणणं मला अजूनही खरं वाटतं. तू मेलीस म्हणून मी हरले असं मला करता येत नाही. तुलाही ते आवडलं नसतं.

पुण्यानुमोदनानंतर मिलिंदभाऊ शाळेत आले. बसले नाहीत. तुझा फोन माझ्यापुढं धरला. "मॅडम, एका पोरीचे मेसेज यायलेत. रोज. मी एक-दोन उघडले, मला ऐकवंना. तुमच्या शाळंतली हाय म्हणून आणला." ते गेल्यावर मधल्या सुट्टीत मी माझ्या वर्गाचं दार लोटून घेतलं आणि मेसेज ऐकले.

पहिल्यात ती तीच, कुजबुजणारी. "मॅडम, मी काजल. आज आमी दुसऱ्या फडावर आलो. हितं इहीर हाय. इहिरीत कासव हाय. लय मोठं." मग त्यांच्या बोलीत काहीतरी, मला कळलं नाही. मग परत, "मॅडम, कासवाला मराठीत कासवच म्हणतेत ना?"

पुढच्यात तिनं अख्खा धडा वाचला होता. स्वल्पविरामाला थांबत, तू शिकवलं होतंस तसं. त्याच्या पुढच्यात म्हणाली, "मॅडम, तुमी रागावल्या का? काल मी पाढा म्हणला न्हाई. याडीला ताप होता, मी बारक्याला घेऊन बसले होते. आज म्हणते." आणि पाढा म्हटला. मग एकात नुसतं, "मॅडम?"

ऐकत होते तेवढ्यात तुझा फोन माझ्या हातात थरथरला. नवा आवाज आला होता. "मॅडम, ऐकलं ना? सगळं निळं झालंय."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ऐकत गेले तशा तिकडं तिच्या बापाच्या फोनवर मेसेज ऐकल्याच्या खुणा निळ्या होत गेल्या होत्या. उसाच्या फडावर एक पोरगी बसून बघत होती की तिच्या मॅडम एक एक ऐकतायत आणि उत्तर देत नाहीत.

मी तुझा फोन खाली ठेवला आणि माझ्या फोनवरून वसंतला लावला. त्याला काही माहीत नव्हतं. "कोण वारलं म्हणता?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी "वसंतदादा, ऐकताय ना?" म्हणाले.

"पोरगी रोज फोन घेऊन बसती मॅडम," तो म्हणाला. "माझ्यानं न्हाई सांगवत. तुमीच सांगा. तुमी बी तिच्या मॅडमच हाव."

मी काही म्हणायच्या आत त्यानं फोन दिला. पलीकडं श्वास ऐकू आला, तोच, त्या सामानाच्या खोलीतला.

"काजल, मी वंदना मॅडम."

काही नाही. मला वाटलंच होतं. देवाघरी गेल्या, चांदणी झाल्या, असलं काही मी सांगणार नव्हते. पोरांशी असलं बोललेलं तुला खपत नसे. मी म्हणाले, "काजल, सुजाता मॅडम वारल्या. त्यांच्या डोक्यातली नस फुटली. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. त्या तुझ्यावर रागावल्या नव्हत्या."

ट्रॅक्टर चालू होता तिकडं कुठंतरी. लांबून माणसांचे आवाज. मी फोन कानाला घट्ट धरून बसले. ही आता फोन बापाकडं देईल, असं वाटलं.

"कवा?" ती म्हणाली.

माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द, सुजाता. मी सांगितलं कधी ते.

"मग निळं कुणी केलं?"

"मी केलं. मी ऐकलं सगळं."

"कासवाचं बी?"

"कासवाचं बी. कासवाला मराठीत कासवच म्हणतात."

मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमाला रडू आलं का?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आलं असणार, असंच सगळे धरून चालले होते. "नाही ग," मी म्हणाले. "अजून नाही आलं."

"मला बी यायलं न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता मी कुणाला पाठवू?"

"मला पाठव."

"तुमाला आवडत न्हाई ना पण. फोनवर बोललेलं."

तू तिला सांगितलं होतंस की तिनंच ओळखलं होतं, कोण जाणे. खोटं बोलावं असं वाटलं नाही. "नाही आवडत फारसं," मी म्हणाले. "तरी पाठव. मी ऐकून लगेच सांगेन."

ती "बरं" म्हणाली. मग तिकडं कुणीतरी बाई लांबून हाक मारू लागली. तिची आई असणार. हाक अगदी बारीक ऐकू येत होती, म्हणजे बाई फडाच्या पार त्या टोकाला असेल. आणि सुजाता, काजलनं ओ दिली. त्यांच्या बोलीत काहीतरी ओरडली, येते म्हणाली असेल, पण केवढ्यानं! मी दचकून फोन कानापासून लांब धरला. खणखणीत आवाज, सगळं शेत ओलांडून जाईल असा, त्यात घोगरेपणा नाही, अडखळणं नाही. दोनदा ओरडली. मग परत माझ्यासाठी कुजबुजली, "ठेवते मॅडम," आणि पळाली.

वसंतनं फोन घेतला. मी त्याला विचारलं, "ही अशी ओरडते?"

त्याला प्रश्नच समजला नाही. "काजल व्हय? तिचंच काम हाय ते मॅडम. तांड्यावर कुणाला हाक मारायची आसली तर तिलाच सांगतेत. कानाला दडे बसवती."

तिला शाळेत बोलतं कसं करायचं, ह्यावर आपण किती भांडलो. स्कुटीवर, व्हरांड्यात, त्या कपाशीच्या शेताकडेला. ती घरी कशी बोलते, हे ना तू कधी विचारलंस, ना मी. तिचा बाप तर समोर उभा होता, त्याला आपण खुर्चीही दिली होती.

फोन ठेवला आणि मी उठले. तरातरा व्हरांड्यातून तुझ्या वर्गाच्या दारापर्यंत गेले. काही मजेशीर घडलं की मी अशीच यायचे ना, खडूचा हात साडीला पुसत. दार ढकललं तेव्हा लक्षात आलं. आत पहिली-दुसरीची पोरं होती, खिचडीची ताटं धुऊन सुट्टीपुरती आपल्या जुन्या वर्गात आलेली, ओल्या हातांची. सगळी माझ्याकडं बघायला लागली.

"काय झालं मॅडम?" एकीनं विचारलं.

"काजल ओरडली," मी म्हणाले.

पोरांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. मी जाऊन तुझ्या खुर्चीत बसले. मग तिथंच, त्या पोरांसमोर, मला रडू आलं.